नौपाड्यातील गायनवर्ग: भूप, देशकार आणि शास्त्राची वही

ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर भरणाऱ्या गायनवर्गात मी गेले आठ महिने आठवड्यातून दोनदा जात आहे. थोडी तक्रारही मांडायची असल्याने वर्गाचे नाव येथे देत नाही. जागा लहान आहे. संध्याकाळी सातच्या तुकडीत दहा जण बसले, की पेटीचा भाता हलवतानाही कोपर आवरून घ्यावे लागते.

शिकवणे मात्र, निदान पहिले सहा महिने, उत्तम होते. भूप राग सुरू करताना सरांनी काहीही लिहून दिले नाही. तानपुरा लावून ‘सा रे ग’ एवढ्याच स्वरांत प्रत्येकाला स्वतःचा आलाप करायला लावला. मी पुस्तक आधीच वाचून गेलो होतो, त्यामुळे मध्यम आणि निषाद वर्ज्य, वादी म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर गंधार, त्याच्या खालोखालचा संवादी धैवत हे सारे मला तोंडपाठ होते. तरीही पुढे पंचमाच्या वर जाण्याची मुभा मिळताच मी धैवतावर रेंगाळू लागलो. सर हसून म्हणाले, “काका, संध्याकाळी देशकार?” स्वर तेच पाच, पण देशकारात वादी धैवत असतो, भर उत्तरांगावर, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावर असतो आणि राग सकाळचा. मग त्यांनी पेटी मिटवली आणि श्वास पुरेल तोवर गंधारावरच थांबायला सांगितले. तिसऱ्या की चौथ्या खेपेस गंधारावरून रिषभ घेत षड्जावर उतरताना भूप मला प्रथमच ऐकू आला. चूक का झाली हे मला नियमामुळेच कळले, हे मान्य करायला हवे. ती पकडली मात्र सरांच्या कानाने, माझ्या पाठांतराने नव्हे.

परीक्षा जवळ आली आणि वर्ग बदलला. व्याख्या, भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही स्वरलिपींतील चिन्हे आणि संगीतकारांची चरित्रे यांतच तास जाऊ लागला, गाणे शेवटच्या दहा मिनिटांवर आले, आणि ज्या आलापासाठी मी येथे आलो तोही फळ्यावर लिहून, सर्वांना एकच, असा मिळू लागला. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ठिकठिकाणी फिरून, गवयांकडून शेकडो बंदिशी मिळवून, प्रत्यक्ष गायले जाणारे राग तपासून दहा थाटांची, म्हणजे रागांच्या दहा गटांची मांडणी केली. त्यांचेच चरित्र आम्ही तोंड न उघडता वहीत उतरवत होतो! मी हे सरांच्या कानावर घातले. पालकांना प्रमाणपत्र हवे असते, असे ते म्हणाले, आणि त्यात खोटे काहीच नव्हते.

मुलांना परीक्षेला बसवायचे असेल तर वर्ग नेटका आहे. लेखी तयारी चोख होते. मी मात्र परीक्षा न देणाऱ्यांच्या रविवार सकाळच्या तुकडीत गेलो आहे. तेथे वही कोणी मागत नाही, आणि पहिल्याच दिवशी सरांनी माझ्याकडे पाहत देशकार सुरू केला.