कॅरमबोर्डावरचं डंजन्स अँड ड्रॅगन्स: सात-आठ महिन्यांनंतर

आधी निकाल सांगून टाकतो. पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेणारा हा खेळ सुरू करावा का? हो. पुस्तकं विकत घ्यावीत का? इतक्यात नको. आणि तुमच्याकडे रविवारची दुपारच मोकळी असेल, तर मारामारी आखूड करायला पहिल्या दिवसापासून शिका, कारण या खेळात वेळ गळतो तो तिथेच.

आम्ही २०१४ची पाचवी आवृत्ती खेळतोय. पाच खेळाडू आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मी. जागा लालबागमधली, चाळीतली आमची खोली. एक जण डोंबिवलीहून येतो आणि करी रोडला उतरतो, एक वसईहून, तो लोअर परळहून चालत. माझी मावसबहीण आणि तिचा नवरा शिवडीचे. पाचवे म्हणजे शेजारचे काका. त्यांचं प्रकरण पुढे येईलच.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डीएम परिस्थिती सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतंय ते सांगतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि डीएमने मनात धरलेल्या आकड्याशी ताडून बघायचं. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०. बस, खेळाचा गाभा एवढाच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४मध्ये हा खेळ पहिल्यांदा छापला. मधल्या काळात आवृत्त्या बऱ्याच झाल्या, पण "तू काय करतोस?" हा प्रश्न तोच राहिलाय.

खर्चाचं बोलू. लोक इथेच घाबरतात. जाडजूड रंगीत पुस्तकांच्या किमती पाहिल्या की कुणालाही वाटेल, हा आपला प्रांत नाही. पण २०१४च्या आवृत्तीचे बेसिक रूल्स फुकट उपलब्ध झाले होते: फायटर (लढवय्या), क्लेरिक (पुजारी), रोग (चोर) आणि विझर्ड (जादूगार) एवढे चार वर्ग, म्हणजे पात्रांचे पेशे, माणूस, एल्फ, ड्वॉर्फ, हाफलिंग एवढ्या चार जाती. पाच जणांच्या टेबलाला सुरुवातीला हे पुरून उरतं. बारा वर्ग हवे असतील तर एसआरडी नावाचा नियमसंच आहे. हे नियम इतरांनी कसे वापरायचे त्याच्या परवान्यावरून झालेल्या मोठ्या गदारोळानंतर जानेवारी २०२३मध्ये तो क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सर्वांना मिळाला. २०२४च्या सुधारित नियमांचाही असाच संच २०२५मध्ये आला. म्हणजे छापलेलं काही न घेता, कायदेशीरपणे, वर्षभर आरामात खेळता येतं. आम्ही फक्त कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती भरायच्या कागदाच्या, झेरॉक्स काढल्या.

फासे मात्र लागतात. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे. वर शेकड्यासाठी आणखी एक, असा सातांचा संच मिळतो. आमचा संच यायला वेळ लागला, तोवर हाउजी कामी आली. १ ते २० आकड्यांच्या गोट्या एका पिशवीत टाकायच्या आणि एक काढायची. फक्त काढलेली गोटी दर वेळी परत पिशवीत टाकली पाहिजे, नाहीतर वीस एकदा निघून गेला की पुढच्याच्या नशिबी तो येणारच नाही. हा काही आमच्या डोक्यातून निघालेला जुगाड नाही. १९७९मध्ये फाशांचा तुटवडा पडला होता, तेव्हा डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या बेसिक संचात फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडेच दिले जात होते. धातूचे फासे दिसायला भारी असतात, पण चाळीत रात्री घेऊ नका. खालच्या मजल्यावरून लगेच काठीने उत्तर येतं.

आता कॅरमबोर्ड. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण बसल्यावर टेबल ठेवायला जागा उरत नाही, म्हणून काकांचा बोर्ड मागून आणला आणि चार उशांवर टेकवला. इतकं चपखल सामान दुकानातही मिळालं नसतं. चारी बाजूंनी फ्रेम असल्यामुळे फासा पलंगाखाली जात नाही. आत २९ इंचांचा चौरस. नकाशासाठी एक इंचाचे चौकोन वापरायची पद्धत आहे, प्रत्येक चौकोन म्हणजे पाच फूट. पण कॅरमची सोंगटी सव्वा इंचाच्या आसपास असते, ती त्यात मावत नाही. म्हणून चार्टपेपरवर दीड इंचाचे चौकोन आखले. एका बाजूला एकोणीस बसतात, म्हणजे ९५ फुटांची गुहा. एवढी आम्हाला आजवर कमी पडलेली नाही. काळ्या नऊ सोंगट्या गॉब्लिन (खेळातले छोटे राक्षस), पांढऱ्या आमच्या, लाल राणी म्हणजे सरदार. मिनिएचर नावाच्या महागड्या बाहुल्या घेण्याचा विचार तिथेच संपला.

फासा पॉकेटात गेला तर? पहिल्याच दिवशी गेला. नियमांच्या पुस्तकात अर्थातच याचं उत्तर नाही. काका तोवर नुसते बघत होते, म्हणजे बोर्डावर लक्ष ठेवून होते. ते म्हणाले, "स्ट्रायकर गेला की फाऊल, मग हाही फाऊल." तेव्हापासून आमच्याकडे पॉकेटात गेलेला फासा डिसॲडव्हान्टेजने पुन्हा टाकतात: दोनदा टाकायचा, कमी आकडा धरायचा. पुढच्या रविवारी काकांनी खुर्ची आत ओढून घेतली आणि ड्वॉर्फ क्लेरिक मागितला.

पाचव्या आवृत्तीतली सगळ्यात हुशार गोष्ट कुठली, असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन: ॲडव्हान्टेज आणि डिसॲडव्हान्टेज. परिस्थिती तुमच्या बाजूने असेल तर दोन फासे टाका, मोठा धरा. विरुद्ध असेल तर छोटा. दहा ठिकाणचे बारीक आकडे मिळवत-वजा करत बसायची गरज नाही, आणि फरक मात्र जाणवण्याइतका पडतो. +३ असताना १५ गाठायचे असतील तर एका फाशात शक्यता ४५ टक्के. ॲडव्हान्टेज मिळाला की ७०च्या आसपास.

याचा खरा उपयोग काकांनी करून दाखवला. गुहेच्या तोंडाशी एक गॉब्लिन जिवंत सापडला होता. आत आणखी आठ आणि त्यांचा सरदार बगबेअर, म्हणजे थोराड राक्षस. मी आतल्या लढाईची जय्यत तयारी करून बसलो होतो. काकांनी त्या गॉब्लिनला जवळ बसवलं.

"तुला महिन्याला काय देतो रे तो?"

मी, म्हणजे गॉब्लिन: "देतो कसलं? उरलंसुरलं खायला मिळतं."

"आणि मार खायला पुढे कोण जातं?"

"आम्हीच."

"मग तो करतो काय आत बसून?"

काका गिरणीत होते, ब्याऐंशीच्या संपात सुरुवातीपासून. युनियनचं काम केलेला माणूस. वसईकराच्या चोराने आपल्या शिध्यातली भाकरी पुढे केली. मी ती मदत धरली आणि ॲडव्हान्टेज दिला. फासे पडले ६ आणि १४. चौदा अधिक तीन, सतरा. पंधरा मिनिटांनी आठच्या आठ काळ्या सोंगट्या गुहेबाहेर येऊन बसल्या होत्या आणि बोर्डावर एकटी राणी उरली होती. तरी बगबेअर तो बगबेअरच. दोन आठबाजू फासे अधिक दोन एवढा त्याचा घाव, आणि आमच्या विझर्डकडे सगळे मिळून आठ हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद. एका फटक्यात तो आडवा. मग डेथ सेव्ह, म्हणजे पात्र जगतं की मरतं याचा फासा: दहा किंवा वर आला की एक यश, खाली आला की एक अपयश, कुठलेही तीन झाले की निकाल. माझी मावसबहीण तो फासा इतका वेळ मुठीत घोळवत बसली की डोंबिवलीकराला घड्याळ दाखवावं लागलं.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. खेळात एक राउंड म्हणजे सहा सेकंद. पाच खेळाडू, सहा-सात शत्रू, असे चार राउंड झाले तर खेळातले २४ सेकंद होतात आणि आमचा तास उलटून जातो. एकाचा डाव चालू असताना बाकीचे चार मोबाइल काढतात. पहिल्या पातळीवर पात्रं इतकी नाजूक असतात की प्रत्येक जण घाबरून विचार करत बसतो; पाचव्या पातळीच्या पुढे ती तगडी होतात, तर पर्यायांची यादीच लांबते. जादूगार असेल तर विचारूच नका. कोणते मंत्र आज तयार केलेत, कोणत्या पातळीचे स्लॉट (मंत्र टाकायच्या खेपा) उरलेत, कोणता मंत्र स्लॉटशिवाय चालतो, हे नव्या माणसाला समजावताना माझी दुपार गेलेली आहे. नवख्याला विझर्ड देऊ नका, फायटर द्या. हवा तर दोन महिन्यांनी बदलू दे.

तीन तासांचं गणित मुंबईत फार कडक असतं. रविवार म्हटला की मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवर असला तर डोंबिवलीकर अडकतो, पश्चिमेला असला तर वसईकर. म्हणून आता एका बैठकीत एकच लढाई, तीही सहा राउंडांच्या आत. अर्धे शत्रू पडले की उरलेले पळतात किंवा शरण येतात. जीव सगळ्यांनाच प्यारा, गॉब्लिनलाही. प्रत्येकाला डावासाठी साधारण मिनिटभर. नाही ठरलं तर पात्र बचावात उभं राहतं. हे केल्यावर खेळ सुटसुटीत झाला. जो गैरहजर, त्याचं पात्र घोडे सांभाळतं. पावसात लोकल ठप्प झाल्यावर व्हिडिओ कॉलवरही खेळून पाहिलं. नियम सगळे चालतात, रंगत निम्मी. एकमेकांच्या बोलण्यात बोलता येत नाही, आणि या खेळाची अर्धी मजा तर मध्येच बोलण्यात आहे. गणपतीत दहा दिवस सुट्टीच. त्या गर्दीतून लालबागमध्ये कुणी फासे टाकायला येत नाही.

डीएमच्या कामाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. बैठक तीन तासांची असेल तर मला आठवड्यात दोन संध्याकाळी द्याव्या लागतात. सुरुवातीला मी पानंच्या पानं लिहून काढायचो. आता तीन माणसं, त्यांना काय हवंय, आणि एक जागा, एवढंच लिहितो. बाकीचं टेबलावर सुचतं, आणि नाही सुचलं तर चहाची सुट्टी घेतो.

ज्या दिवशी दोनच तास हाताशी असतात तेव्हा आम्ही दोन सहाबाजू फाशांवर चालणारा हलका खेळ काढतो. २०१०च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळापासून ही पद्धत पसरली. बेरीज दहा किंवा वर आली तर काम फत्ते, सात ते नऊ आली तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, सहा किंवा खाली आली तर डीएमचं राज्य. मारामारीसाठी वेगळे डाव नाहीत, सगळं बोलण्यातच. काकांना हाच जास्त आवडतो. वसईकराला अजिबात नाही. त्याला चौकोन मोजायचे असतात, आपल्या चोराचा बाण कुठवर पोचतो ते पट्टीने बघायचं असतं. दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणून दोन्ही खेळ चालू आहेत.

२०२४चे नियम मी वाचलेत. आधीच्या छापील साहसकथांसोबत ते चालतात, पण चालू मोहिमेच्या मध्यात आम्ही बदलणार नाही. नव्याने सुरू करणाऱ्यांनी थेट तेच वापरावेत. खेळाडू चार असतील तर उत्तम, पाच चालतील. सहावा मागे लागला तर त्याला सांगा, दुसरा गट काढ आणि डीएम तूच हो. तशी माणसं कमीच आहेत.