मालवणात बसून स्कीला बाइंडिंग बसवलं, त्या किटचा रिव्ह्यू

आधी किट काय आहे ते सांगतो. घरच्या घरी स्कीला बाइंडिंग (बूट स्कीला अडकवून धरणारा भाग) बसवायचं किट, ऑनलाइन बाहेरून मागवलेलं, कस्टम ड्युटी धरून मला साडेचार हजाराला पडलं. आत ३.६ आणि ४.१ मिमीचे दोन ड्रिल बिट, दोघांनाही ९ मिमीवर कॉलर (बिट त्याच्या पुढे आत जाऊ नये म्हणून कडं), स्क्रूसाठी एक पीझेड ३ म्हणजे पोझिड्राइव्ह तीन नंबरचा बिट, आटे पाडायचा एक टॅप, जुनी भोकं बुजवायला २० प्लास्टिकच्या खुंट्या आणि कागदाचं टेम्प्लेट. जुलैमध्ये भर पावसात मालवणला घरी वापरलं आणि फेब्रुवारीत त्याच स्की घेऊन गुलमर्गला आठ दिवस होतो, म्हणून आता लिहितोय, आधी लिहिण्यात अर्थ नव्हता.

मालवणात स्की कशाला, हे सगळेच विचारतात. गुलमर्गला बेसिक कोर्स केला तेव्हापासून वेड लागलंय, आणि दुसऱ्या वर्षी तिथे एक परदेशी माणूस परत जाताना आपल्या स्की बाइंडिंगसकट विकत होता त्या मी घेतल्या आणि दिल्लीमार्गे कुडाळ स्टेशनला उतरवल्या. अडचण एकच, त्याच्या बुटाची सोल लेंथ, म्हणजे तळाची लांबी, ३३७ मिमी आणि माझी ३०५ (हा आकडा बुटाच्या टाचेजवळ छापलेला असतो, चपलेच्या नंबरावर जाऊ नका, एकाच नंबरच्या दोन कंपन्यांच्या बुटांची लांबी वेगळी निघते). फरक ३२ मिमीचा. बुटाचा मध्य स्कीवरच्या खुणेवरच ठेवायचा म्हणजे बाइंडिंगचा पुढचा भाग, टो पीस, १६ मिमी मागे आणि टाचेकडचा हील पीस १६ मिमी पुढे. हील थोडा सरकतो, टो सरकत नाही, म्हणजे नवी भोकं पाडण्याशिवाय इलाज नाही, आणि स्कीचं काम करणारं दुकान आपल्या अख्ख्या किनारपट्टीवर मला तरी मिळालं नाही.

माझे मोठे काका, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ते आयुष्यभर होड्यांचं काम करत आले, आधी लाकडाच्या आणि मग फायबरच्या. त्यांच्या शेडमध्ये हे सगळं केलं. स्की हातात घेऊन, बोटाने ठोकून बघितल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "भोक भरूक येता रे, पण पयल्यासारख्या होणा नाय." हे वाक्य मी शेवटपर्यंत डोक्यात ठेवलं आणि एकेका भोकाला दहा दहा मिनिटं घालवली.

आता मुद्द्याचं, म्हणजे बिट. किटमधली ही एकच वस्तू साडेचार हजारातले तीन हजार वसूल करते असं माझं मत आहे. स्की आतून लाकडाची, वर खाली फायबरग्लास आणि सगळ्यात खाली बेसचं प्लास्टिक, आणि बाइंडिंगखाली जाडी जास्त असली तरी साधा बिट हातातून जरा जास्त आत गेला की बेसला फुगवटा येतो नाहीतर आरपार भोक पडतं. टेप गुंडाळून खूण करतात लोक, पण टेप सरकतो, कॉलर सरकत नाही, तो वरच्या थराला टेकला की बिट पुढे जातच नाही. मी आधी मरीन प्लायच्या तुकड्यावर दहा भोकं पाडून डेप्थ मोजली, सगळी ९ मिमीच, मग स्कीला हात लावला. ड्रिलमशीन साधं घ्या, हॅमर मोड बंद, आणि मध्ये एकदा बाहेर काढून भुसा झाडा, नाहीतर आत गरम होतं. कॉलर घासून स्कीवर एक पुसट गोल उमटतो, पण तो बाइंडिंगखाली झाकला जातो.

३.६ की ४.१, हे अंदाजाने ठरवायचं नाही. बऱ्याच स्कीवर बाइंडिंगच्या जागेजवळच भोकाचा साईज छापलेला असतो, तो वाचा. ज्या स्कीत लाकडावर धातूचा पत्रा असतो, टायटॅनल म्हणतात त्याला, तिथे ४.१ आणि वर टॅप मारून आटे पाडायचे, बिनपत्र्याच्या स्कीला ३.६. माझी बिनपत्र्याची. पत्र्याच्या स्कीत बारीक भोक पाडून स्क्रू दामटवला तर वरचा थर उचलला जातो आणि साध्या लाकडात मोठं भोक पाडलं तर स्क्रूला पकडच राहत नाही, दोन्हीकडून नुकसान.

दुसरी चांगली वस्तू पीझेड ३. बाइंडिंगचे स्क्रू दिसतात फिलिप्ससारखे पण ते पोझिड्राइव्ह असतात. मी आधी बाजारपेठेतनं आणलेल्या तीन नंबरच्या फिलिप्सने जुने स्क्रू काढायला गेलो तर पहिल्याच स्क्रूला बिट घसरून खाचा गोल व्हायला लागल्या, तिथेच थांबलो आणि किट येईपर्यंत चार आठवडे वाट बघितली. किटमधला बिट लावल्यावर तोच स्क्रू निमूट सुटला. काढताना एक करा, पुठ्ठ्यावर बाइंडिंगचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवा, टो आणि हीलच्या स्क्रूंची लांबी वेगळी असू शकते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की परत बेसचाच प्रश्न.

आता तक्रार. कागदी टेम्प्लेट. किट आलं तेव्हा पाऊस धो धो, घरात कपडे चार दिवस वाळत नव्हते, आणि ते टेम्प्लेट उघडून दोन तासांनी त्यावरची ३०० मिमीची रेघ स्टीलच्या पट्टीने मोजली तर जवळजवळ ३०२ भरली. दमटपणात कागद ताणतो. बाइंडिंगच्या भोकांत दोन मिमी म्हणजे स्क्रू तिरका जाणार किंवा जाणारच नाही. आबांना दाखवलं तर म्हणाले, "कागदार भरवसो ठेव नको, पावसात तो फुगता." मग त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा कापला, जुनी भोकं आहेतच आणि बाइंडिंगही तेच, तर त्या भोकांवरूनच साचा घेतला, सेंटर पंचने खुणा केल्या, आणि तोच साचा १६ मिमी सरकवून वापरला. प्लास्टिक शीटवरचं टेम्प्लेट दिलं असतं तर किटला पूर्ण मार्क दिले असते. सेलरला फोटोसकट लिहिलं, उत्तर आलं नाही.

साचा ठेवताना सगळ्यात जास्त वेळ मधली रेघ काढण्यात गेला. गुण्या लावून चालत नाही, कारण स्कीची कड सरळ नसते, कमरेत बारीक आणि टोकांना रुंद. आम्ही मास्किंग टेप चिकटवली, पाच ठिकाणी रुंदी मोजून तिचा मध्य शिसपेन्सिलीने काढला आणि ते ठिपके दोऱ्याने जुळवले. स्कीवरच्या डिझाइनची रेघ मध्य धरू नका, माझ्या एका स्कीवर ती मध्यापासून दीड मिमी बाजूला निघाली. आधी फक्त टोची भोकं पाडली, टो बसवला, बूट अडकवून टाच मधल्या रेघेवर येते का बघितलं, आणि मगच हीलची भोकं. यात एक तास जास्त गेला पण हीलची चूक होण्याची भीती गेली.

जुन्या भोकांत किटच्या खुंट्या फेविकॉल मरीन लावून ठोकल्या, दुसऱ्या दिवशी पटाशीने सपाट केल्या. खुंट्या ठीक आहेत, चार थोड्या सैल निघाल्या त्या बाजूला टाकल्या. जुन्या नव्या भोकांत साधारण एक सेंटीमीटर तरी अंतर हवं, आमचं १६ होतं म्हणून निभावलं. नव्या भोकांच्या तोंडाशी वर आलेली कड काऊंटरसिंकने हलकी काढली, नाहीतर बाइंडिंग स्कीला नीट टेकत नाही. मग प्रत्येक भोकात तोच फेविकॉल थेंबभर, म्हणजे स्क्रू सहज जातो आणि बर्फाचं पाणी लाकडात शिरत नाही. अराल्डाइट मुद्दाम टाळलं, उद्या बाइंडिंग काढायचं झालं तर स्क्रू सोल्डरिंग आयर्नने तापवत बसावं लागतं. स्क्रू हातानेच आवळले, समोरासमोरचे आळीपाळीने, मशीनने अजिबात नाही.

एक गोष्ट हे किट करत नाही आणि जाहिरातीत ते ठळक लिहायला पाहिजे होतं. भोकं बरोबर पडली म्हणजे बाइंडिंग सेफ झालं असं नाही. बूट किती जोरात दाबून धरलाय ते हीलच्या खुणेवरून, मॅन्युअलप्रमाणे बघून सेट करायचं, बुटाची सोल त्या बाइंडिंगला चालते का तेही तपासायचं, कारण साध्या अल्पाइन सोलचं बाइंडिंग ग्रिपवॉक सोलला (चालायला सोपी पडणारी, वेगळ्या आकाराची सोल) चालेलच असं नाही. आणि रिलीज व्हॅल्यू, म्हणजे किती जोर आला की बूट सुटायचा तो आकडा, ज्याला सगळे डीआयएन म्हणतात, ती वजन, उंची, वय, सोल लेंथ आणि तुम्ही कसे स्की करता यावरून तक्त्यात बघायची. जास्त ठेवली तर पडल्यावर बूट सुटत नाही आणि गुडघा जातो, कमी ठेवली तर चालत्या वेगात सुटतो. खरी तपासणी टॉर्क मोजणाऱ्या मशीनवर होते, माझी अजून झालेली नाही, मी तक्त्याचा आकडा लावून पहिले दोन दिवस गोंडोलाने वर न जाता खालच्या सोप्या उतारावरच काढले. तिसऱ्या दिवशी वळताना पिळवटून पडलो आणि डावा टो जसा सुटायला हवा तसा सुटला. रोज संध्याकाळी स्क्रू तपासत होतो, आठ दिवसांत एकही हलला नाही.

परत आल्यावर खाऱ्या हवेची काळजी. स्कीच्या स्टीलच्या कडांना इकडे फार लवकर गंज चढतो, म्हणून कडांसकट जाड वॅक्स लावून ठेवल्यात, आणि दोन्ही बिट तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात.

पाचपैकी चार. बिट आणि पीझेड ३ सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्या आणि साचा पत्र्याचा करा, पावसाळ्यात करणार असाल तर नक्कीच.