लगेच प्रशिक्षक की दहा वर्षं थांबून?

बास्केटबॉलपटू जेसन किड जून 2013मध्ये निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात ब्रुकलिन नेट्स संघाचा प्रशिक्षक बनला. त्या हंगामात लेकर्सविरुद्ध टाइमआउट (खेळ थांबवून बोलायच्या संधी) संपले, तर पठ्ठ्याने आपल्याच खेळाडूला स्वतःच्या अंगावर धडक मारायला लावून हातातलं पेय कोर्टवर सांडलं. फरशी पुसेपर्यंत पुढची चाल आखून झाली! सामना गेलाच, वर 50,000 डॉलर दंड. प्रशिक्षक झाला तरी डोकं खेळाडूचंच.

स्टीव्ह कर 2003मध्ये खेळायचा थांबला. मग समालोचन, फिनिक्स सन्सचं व्यवस्थापन आणि 2014मध्ये गोल्डन स्टेट संघाचं प्रशिक्षकपद. पहिल्याच हंगामात विजेतेपद, 2022पर्यंत चार. हाताशी स्टीफन करीसारखा अव्वल खेळाडू होता, हेही धरा म्हणा. तरी मला करचाच रस्ता पटतो. राखीव खेळाडूंच्या बाकावरून खेळ वाचायची सवय त्याला खेळाडू असतानाच लागलेली. किडने मात्र डॅलस संघाला 2024मध्ये अंतिम फेरीत नेलं.