तारेवरचं जुनं विमान: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये माझ्या मेहुण्याने अमेरिकेहून येताना कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून एक लांबट खोकं आणलं. 1970 च्या आसपासचं कंट्रोल लाइन, म्हणजे तारांनी उडवायच्या मॉडेल विमानाचं किट, कधीच न उघडलेलं. पंखांची लांबी 42 इंच, बाल्सा या फार हलक्या लाकडाच्या अर्ध्या इंची फळीतून कापलेलं चपटं धड, आणि 35 नंबरचं, म्हणजे सुमारे पावणेसहा सीसीचं इंजिन लावायची सोय. मॅट कानिया यांनी आखलेल्या रिंगमास्टर या मॉडेलच्या घराण्यातलंच म्हणायचं, पण दुसऱ्या एका कंपनीचं. कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या एका खोक्यावरून कुणाला नावं ठेवणं बरोबर नाही.

निकाल आधीच सांगतो. असं किट मिळत असेल तर जरूर घ्या. पण त्यातल्या लाकडासाठी घेऊ नका, आराखड्यासाठी घ्या. आणि घेतलंत तर बांधा, उडवा. माळ्यावर ठेवून देऊ नका.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यात रेडिओ नसतो. मधोमध उभ्या माणसाच्या हातातल्या हँडलपासून विमानापर्यंत दोन पोलादी तारा जातात. वरची तार ओढली की विमान वर, खालची ओढली की खाली. पंखाच्या आत बेलक्रँक नावाचा एक लहानसा त्रिकोणी तुकडा असतो, तो ही ओढ शेपटीच्या एलिव्हेटरपर्यंत, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या पट्टीपर्यंत पोचवतो. पोर्टलंडच्या जिम वॉकर यांनी 1942 मध्ये या पद्धतीचं पेटंट मिळवलं आणि पुढची कितीतरी वर्षं जगभरची पोरं याच पद्धतीने विमान उडवायला शिकली. मी पुण्यात कॉलेजला असताना एनसीसीच्या हवाई विभागात शिकलो. तिथे दीड सीसीच्या डिझेल इंजिनावर उडणारं फळीसारखं विमान होतं आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार फेऱ्या यायच्या. हे किट आणण्यामागे त्या अपुऱ्या फेऱ्यांचीही ओढ होती.

आता लाकूड. त्या काळी किटातले भाग डायने, म्हणजे धारदार साच्याने दाबून कापलेले असत. डाय नवी असेल तर ठीक, झिजलेली असेल तर बाल्सा कापला जात नाही, चेंगरतो. माझ्या खोक्यातल्या 22 रिबांपैकी, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांपैकी, 9 रिबांच्या कडा भुग्यासारख्या सुटल्या. लीडिंग एजची, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेची पट्टी इतकी वाळली होती की नखाने टवका निघत होता. स्टिकर पाण्यात घातल्याबरोबर विरघळून गेले. बेलक्रँकचं जुनं प्लास्टिक मी वाकवून पाहिलं, ते काडकन मोडलं. ते हातात मोडलं हे फार बरं झालं, कारण हवेत मोडलं असतं तर विमान थांबवायला दुसरा काहीही उपाय नसतो.

म्हणून दोन संध्याकाळी बसून मी प्रत्येक तुकडा पुठ्ठ्यावर गिरवून घेतला, आराखड्याची झेरॉक्स काढली, आणि जवळपास सगळं विमान नव्या बाल्सातून कापलं. नवं लाकूड घेताना प्रत्येक पट्टी हातात तोलून घ्या. एकाच मापाच्या दोन पट्ट्यांत दुप्पट फरक निघतो. हलकी शेपटीला, कडक स्पारला, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्याला. आराखडा मात्र सोन्यासारखा निघाला. कोणत्या सांध्याला कोणत्या दिशेच्या रेषा असलेला तुकडा लावायचा, पंखाच्या टोकात किती वजन घालायचं, इंजिन किती अंश बाहेर वळवायचं, सगळं काढणाऱ्याने हाताने लिहून ठेवलंय. अशी समज आजच्या पुष्कळ तयार मॉडेलांच्या माहितीपत्रकात मला दिसत नाही.

बांधणी मी पावसाळ्यात केली ही चूक झाली. पुण्यात जुलैत बाल्सा ओल धरतो. डावा पंख बोर्डावरून उचलला तेव्हा टोकाला पाव इंच पीळ होता. किटलीच्या वाफेवर धरून उलट दिशेने पिळायचं आणि थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं, हा जुना उपाय तीनदा केला तेव्हा पंख सरळ झाला. पंखावर मी रेशीम ताणून डोप, म्हणजे कापड घट्ट करणारं लॅकर मारलं. आईच्या जुन्या रेशमी साडीचं अस्तर होतं, फार पातळ, तेच वापरलं. पण दमट हवेत डोप वाळताना पांढरा पडतो, राख फासल्यासारखा. थिनर उडताना कापड गार होतं आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. मी ऑगस्टभर थांबलो, सप्टेंबरात ऊन पडल्यावर थिनर जास्त घालून एक हलका हात मारला, तेव्हा पांढरेपणा गेला आणि खालचा केशरी रंग वर आला. घाई असेल तर इस्त्रीने चिकटणारी फिल्म लावा. पण रेशमावर टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज येतो, तो फिल्मला येत नाही.

या विमानाची खरी गोम मला बांधताना कळली नव्हती, उडवताना कळली. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तारा ताणलेल्या राहाव्यात यासाठी आहे. आतल्या बाजूचा पंख बाहेरच्यापेक्षा किंचित लांब, बाहेरच्या टोकात एक औंस शिसं, इंजिनाचं तोंड बाहेर, शेपटीवरचा उभा रडर बाहेर वळवलेला, तारा पंखातून निघतात ती जागाही थोडी मागे. गोफण फिरवणाऱ्याला जो ताण हातात जाणवतो तोच हा ताण. माझं विमान 850 ग्रॅमचं, तारा 60 फुटी, म्हणजे साधारण 18 मीटर, आणि एक फेरी पाच सेकंदांची. हिशेब केला तर वेग ताशी 80 किलोमीटरच्या आसपास आणि हाताला ओढ जवळपास अडीच किलोची. विमान डोक्यावर आलं की त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा होतं, वेगही कमी झालेला असतो. तार सैल पडली की हँडल कितीही हलवा, विमानाला काही कळत नाही. अशा वेळी एकच करायचं, झटकन मागे पावलं टाकायची.

टाकीसुद्धा याच हिशेबाने. इंधन फिरताना बाहेरच्या भिंतीशी दाबलं जातं, म्हणून आतली नळी त्याच कोपऱ्यात लागते. खोक्यातली टाकी गंजलेली होती. कसब्यात एका कारागिराने पत्र्याची नवी करून दिली, डाख इतका स्वच्छ की फुंकून पाहिलं तर कुठे सुई मावेल एवढीही गळती नाही.

इंजिन मित्राकडून मिळालं, फॉक्स 35. ड्यूक फॉक्स यांचं हे इंजिन स्टंट, म्हणजे कसरती उडवणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं आहे. आत जुनं एरंडेल साकळून घट्ट झालं होतं, प्रोपेलर हलेना. जोर लावू नका. हीट गनने हळूहळू गरम केलं, दोन थेंब तेल सोडलं, आणि दहा मिनिटांनी ते मोकळं झालं. इंधन हा मात्र पुण्यात खरा त्रासाचा भाग आहे. त्यात लागणारं मिथेनॉल सहज मिळत नाही आणि मिळूही नये. ते विषारी आहे, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. मी छंदाच्या दुकानातून तयार ग्लो इंधन आणतो आणि त्यात एरंडेल वाढवतो, कारण अशा जुन्या लोखंडी पिस्टनला नुसतं कृत्रिम तेल पुरत नाही. सरळ उडताना इंजिन जाड, तुटक आवाजात चालतं. नाक वर केलं की आवाज बारीक आणि सलग होतो. परत सरळ केलं की पुन्हा जाड. ही लय कानाने ओळखता यायला मला वीसेक उड्डाणं लागली. आता विमानाकडे न बघताही ते चढतंय की उतरतंय हे कळतं. इलेक्ट्रिक मोटर लावणारे मित्र आहेत, त्यांचा टायमर बरोबर वेळेला मोटर बंद करतो, हात तेलकट होत नाहीत, शेजारी तक्रार करत नाहीत. गावात, सोसायटीजवळ उडवणार असाल तर तेच घ्या. मला हा आवाज हवा होता.

जागा शोधायला सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून पुढे, दिवे घाट चढून गेल्यावर ओळखीतल्या एकांचा माळ मिळाला. चाळीस मीटरचं वर्तुळ, त्याबाहेर माणसांसाठी मोकळी जागा, आणि जवळपास विजेची तार नको म्हणजे नकोच. हातातली तार पोलादाची आहे हे विसरू नका. ढगांचा गडगडाट असेल तर खोकं उघडूच नका.

पहिलं उड्डाण नोव्हेंबरात. उडवण्याआधी रद्दीवाल्याकडून आणलेला स्प्रिंगचा काटा हँडलला लावला आणि विमान मुलीच्या हातात घट्ट धरून वजनाच्या दहापट, म्हणजे साडेआठ किलो ओढून पाहिलं. हे दर वेळी करायचं. इंजिन सुरू झाल्यावर तिने शेपटीकडून धरलं होतं, मी मध्ये जाऊन हँडल उचललं, एलिव्हेटर हलवून दाखवला.

“बाबा, सोडू?”

मी मान हलवली. विमान चार-पाच मीटर धावलं आणि उचललं. मनगट ताठ ठेवून सगळा हात खांद्यातून हलवायचा, नजर फक्त विमानावर ठेवायची, एवढंच ठरवलं होतं. मागची जमीन बघितली की चक्कर येते. साडेपाच मिनिटांनी इंजिन थांबलं, ते तरंगत खाली आलं आणि गवतात उभं राहिलं. मुलगी पळत जाऊन इंजिनाला हात लावणार होती, मी ओरडून थांबवलं, ते कढत असतं.

जानेवारीत मी ते पाडलं. वारा वाढला होता. लूप, म्हणजे उभी गिरकी, नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला घ्यायचा, म्हणजे वारा विमानाला तुमच्यापासून दूर ढकलतो आणि तारा ताणलेल्या राहतात. मला हे माहीत होतं, तरी एक फेरी अर्धवट मोजली आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला नाक वर उचललं. वारा ते माझ्याकडे ढकलत होता. तारा लोंबल्या, मी मागे धावलो, पण उशीर झाला. नाक आणि डावा पंख गेला. आराखडा आणि पुठ्ठ्यावरचे साचे घरात होते म्हणून पाच रविवारांत दुसरा पंख झाला. जुन्या लाकडाचं तसंच बांधलं असतं तर हे विमान तिथेच संपलं असतं.

मार्चअखेर 46 उड्डाणं झाली. लूप आणि विंगओव्हर (उभं चढून डोक्यावरून पलीकडे उतरणं) येतात, उलटं उडणं अजून बेतास बात आहे. चार-पाच लूप लागोपाठ घेतले की तारा एकमेकींभोवती वळतात, तरी सरकत राहतात. तारा स्वच्छ असल्या तर काही अडत नाही. 0.015 इंची तारेला एक जरी मुरड पडली तरी मी जोडी बदलतो. पावसाळ्याआधी त्या तेलाच्या फडक्याने पुसून रिळावर गुंडाळल्या जातील.

कुणाला घ्यावं? ज्याला हाताने काम करायचा कंटाळा नाही आणि ज्याच्याकडे एक सोबती आहे त्याला. सोबती नसेल तर घेऊ नका, कारण विमान कुणीतरी धरावं लागतं. लहान मुलांना हे पहिलं विमान म्हणून देऊ नका. आधी छोट्या इंजिनाचं, फळीच्या पंखाचं साधं विमान उडवू द्या, ते आपटलं तरी फेव्हिकॉलने अर्ध्या तासात जुळतं. दुर्मीळ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नका. आराखडा कोरा आणि पूर्ण आहे का एवढंच बघा, बाकी सगळं इथे बनतं.

पुढचं जॉर्ज ऑल्ड्रिच यांनी आखलेलं नोबलर हे विमान करायचं ठरवलंय. त्याच्या पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप नावाच्या पट्ट्या असतात, एलिव्हेटरबरोबर उलट दिशेला हलणाऱ्या. आराखडा टेबलावर पसरलाय, रिबांचे साचे मुलीने कापायला घेतलेत. या वेळी पंख पाऊस सुरू व्हायच्या आत बोर्डावरून उतरवायचा आहे.