डीबगएफएस: पुसलेली नावं दाखवणारं साधन

चुकून एक फाइल पुसली गेली, तेव्हा डीबगएफएसकडे वळलो. लिनक्सच्या ईएक्सटी या फाइल साठवण्याच्या पद्धती आतून तपासायचं हे साधन. आधी विभाजन (डिस्कचा तो भाग) अनमाउंट केलं, म्हणजे वापरातून सोडवलं. हे साधन मुळात फक्त वाचण्यापुरतंच उघडतं, लिहायचं तर 'डब्ल्यू' पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. या सावधपणाचं मला फार कौतुक आहे.

'एलएस' या यादी दाखवणाऱ्या आज्ञेला 'डी' पर्याय जोडला आणि पुसलेलं नाव कोनी कंसातल्या आयनोड क्रमांकासह समोर आलं! (आयनोड म्हणजे फाइलची माहिती ठेवणारा तक्ता.) फाइल पुसताना डिरेक्टरीतल्या आधीच्या नोंदीची लांबी वाढवून ही नोंद झाकली जाते, नाव बहुधा तिथेच राहतं.

मजकूर मात्र परत मिळाला नाही. ईएक्सटी ४ मध्ये पुसताना आयनोडमधले ब्लॉकचे (मजकूर ठेवलेल्या डिस्कच्या तुकड्यांचे) पत्तेही जातात. मदतीची पानं त्रोटक आहेत, नवख्याला जड जातील.