भुंगेऱ्याचे सोंग उघडे पाडणारे दहापट भिंग

बांबूच्या वखारीत किंवा सरपणाच्या ढिगावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कीटक दिसला की आपण गांधीलमाशी समजून हात मागे घेतो. पण तो लांब मिशांचा, नांगी नसलेला भुंगेराही असू शकतो. दोन हातांवरून पटणारे हे सोंग जवळून कुठे उघडे पडते, ते पाहता यावे म्हणून मी छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातून दहापट मोठे दाखवणारे, तिहेरी काचेचे घडीचे भिंग घेतले. त्या कामाला ते पुरेपूर उतरले आहे.

क्लोरोफोरस ॲन्युलारिस या पिवळसर भुंगेऱ्याची अळी वाळलेला बांबू आतून पोखरत वाढते, त्यामुळे तो तोडून रचलेल्या बांबूंवर सापडतो. भिंगाखाली त्याच्या पाठीवर दोन कडक झाकणे दिसतात आणि ती मधोमध सरळ रेषेत जुळलेली असतात. गांधीलमाशीला अशी झाकणे नसतात. तिला पातळ पंखांच्या दोन जोड्या असतात. मला सर्वांत मोलाचे वाटले ते असे की, त्याचा पिवळा रंग कवचावर दाट बसलेल्या बारीक लवेचा आहे, आणि लव झिजलेल्या जागी खालचे काळे कवच उघडे पडते. साध्या एकेरी भिंगात रंगांच्या कडा पसरून ही सीमा धूसर होते. या भिंगात ती स्वच्छ दिसते.

निरुपद्रवी जीवाने अपायकारक जीवाचे रूप घेऊन भक्षकांना चकवावे, याला बेट्सीय अनुकरण म्हणतात. अमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून हेन्री वॉल्टर बेट्स यांनी 1862 मध्ये ही कल्पना मांडली. युरोपातला क्लायटस एरायटिस हा भुंगेरा तर गांधीलमाशीसारखा झटके देत चालतो. चालीचे हे अनुकरण पाहायचे असेल तर मात्र भिंग खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनीच पाहावे लागते.

या भिंगाची मोठी अडचण अंतराची आहे. दहापट भिंगाखाली वस्तू सुमारे अडीच सेंटिमीटरवर आणावी लागते, आणि समोरची खरीच गांधीलमाशी निघाली तर ते अंतर धोक्याचे ठरते. म्हणून ओळख पटेपर्यंत कीटक झाकणाच्या पारदर्शक डबीत ठेवूनच पाहावा. शिवाय एका वेळी कीटकाचा थोडाच भाग स्पष्ट दिसतो, पाठ नीट दिसली की पाय पुसट होतात. भिंग डोळ्याला लावून डबी पुढे-मागे सरकवली की हे पुष्कळसे साधते.

बिजागरीचा स्क्रू सैल होतो, तो अधूनमधून आवळावा लागतो. दुकानदारांनी काउंटरवरच पारखू दिले, हे मला विशेष आवडले. घेताना आखीव वहीच्या रेघा भिंगातून पाहाव्यात. कडेला त्या फार वाकलेल्या दिसल्या तर दुसरे भिंग मागावे.