रो-हाउसचं दार, दोन कॅमेरे आणि रात्रीची झोप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीजेची दुपार. त्या दिवशी आमच्या शेजारचं घर फुटलं.

नाशिकला पाथर्डी फाट्याच्या मागच्या बाजूला आमची बारा रो-हाउसची ओळ आहे. आमचं सहावं, ते सातवं, मधली भिंत एकच. काका-काकू मुलीकडे पुण्याला गेले होते. आम्ही सगळे घरातच होतो, जेवून आडवे झालो होतो. गल्लीत मुलं फटाके फोडत होती आणि त्या आवाजात भिंतीपलीकडे कोणी दार उचकटतंय याची आम्हाला चाहूलसुद्धा लागली नाही. ही गोष्ट मला चोरीपेक्षाही जास्त लागली. आम्ही होतो आणि तरी आमचा काही उपयोग झाला नाही.

पोलीस पंचनामा करत होते तेव्हा मी ते दार पाहिलं. कुलूप शाबूत होतं, बंदच्या बंद लोंबकळत होतं. कोयंडा मात्र स्क्रूंसकट चौकटीतून बाहेर आला होता. पेपरात 'कडी-कोयंडा उचकटून' हे शब्द इतकी वर्षं वाचत होते, त्यांचा अर्थ त्या दिवशी समजला. कुलपाला कोणी हातच लावत नाही. आपण हजार रुपयांचं कुलूप आणतो आणि ते अर्ध्या-पाऊण इंचाच्या चार स्क्रूंवर लटकवतो.

माझा नवरा अंबड एमआयडीसीत आहे, तिन्ही पाळ्या असतात. म्हणजे दर तिसऱ्या आठवड्यात रात्री घरात मी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि नववीतली मुलगी, एवढ्याच. त्या घटनेनंतरच्या नाइट शिफ्टच्या आठवड्यात माझा डोळ्याला डोळा लागला नाही. दर आवाजाला उठून जिन्यात कानोसा घेत बसायचे. मग आम्ही ठरवलं की या वर्षी फर्निचर नाही, हे पैसे घराच्या सुरक्षेला.

घाबरलेला माणूस करतो तेच आम्ही केलं, आधी कॅमेरे घेतले. तीन मेगापिक्सेलचे वायफायवर चालणारे दोन, प्रत्येकी २,६०० रुपये. एक पुढच्या दारावर, एक हॉलमध्ये. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मी सांगणार आहे त्यातलं बहुतेक सगळं या किमतीच्या कुठल्याही कॅमेऱ्याला लागू पडेल.

पहिले दोन महिने कॅमेऱ्याने माझी झोप वाढवली नाही, कमी केली. चित्रात जरा हललं की मोबाइल वाजतो. मांजर, वाऱ्याने हलणारी तुळस, पावसाचे थेंब, सगळ्याला सूचना. सगळ्यात जास्त त्रास कोळ्याचा. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे जमतात, मग कोळी तिथेच जाळं विणतो, आणि ते जाळं चित्रात पांढऱ्या पडद्यासारखं चमकतं. रात्री दोनला मोबाइल वाजला की छाती धडधडायची आणि पडद्यावर दिसायचा कोळी. उपाय असा : सेटिंगमध्ये जाऊन फक्त माणसाची सूचना ठेवा, पाहण्याचा भाग फाटकाच्या आतपुरता आखून द्या आणि दर पंधरा दिवसांनी मऊ फडक्याने कॅमेरा पुसा. हे केल्यावर रात्रीच्या सूचना पंचवीस-तीसवरून एक-दोनवर आल्या. बसवायला आलेल्या मुलाने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्याने पासवर्डही बदलला नव्हता. तो आधी बदला. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते ते कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिले म्हणूनच.

कॅमेऱ्यातलं चित्रण साठवणारं मेमरी कार्ड मोठं घ्या, हे मी अनुभवाने सांगते. आमच्याकडे १२८ जीबीचं आहे, त्यावर दहा-अकरा दिवसांचं चित्रण मावतं आणि मग जुनं पुसून नवं बसतं. फेब्रुवारीत गल्लीतली एक मोटरसायकल गेली. पोलीस आमच्याकडे चित्रण मागायला सहाव्या दिवशी आले. ३२ जीबीचं कार्ड असतं तर तोवर काहीच उरलं नसतं. आता त्यात काय दिसलं तेही सांगते. पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी दोघं गाडी ढकलत फाट्याच्या दिशेने गेले, तोंडाला रुमाल. दुसऱ्या गाडीची नंबरप्लेट आमच्या कॅमेऱ्यासमोरून गेली, पण आकडा वाचता येत नव्हता. रात्री इन्फ्रारेडचा झोत प्लेटच्या चमकत्या रंगावर पडतो आणि सगळी प्लेट पांढरी फटक दिसते. वेळ आणि दिशा कळली, एवढाच उपयोग. शिवाय असं चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ कार्डातलं काही कापू-छाटू नका आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना ते बघत राहा. आमचं सात मिनिटं पुढे होतं.

आता हॉलमधल्या कॅमेऱ्याबद्दल. हे लिहायला मला जड जातंय.

शेजारची चोरी झाल्यावर सोसायटीची बैठक झाली आणि ठरलं की कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या जाताना वॉचमनने तपासायच्या. काही पुरावा नाही, संशयाचं कारण नाही, पण ठरलं. मी तेव्हा गप्प बसले. आमच्याकडच्या मावशी नऊ वर्षं येतात. माझ्या मुलीला ताप असताना मी ऑफिसात आणि मावशी तिच्या उशाशी, असे दिवस मी काढलेत. आणि तरी मोबाइलवर 'हॉलमध्ये व्यक्ती दिसली' असं आलं की मी ऑफिसातून बघत बसायचे. मावशी कपाटाजवळ गेल्या, आता काय करतायत. केर काढत होत्या. डिसेंबरात एक दिवस त्यांनी भांडी घासता घासता विचारलं, "वहिनी, तो आतला कॅमेरा माझ्यासाठी लावलाय का?"

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही बोलता आलं नाही. त्याच संध्याकाळी तो कॅमेरा काढला आणि गच्चीच्या दाराकडे लावला. दुसऱ्या दिवशी मावशींची माफी मागितली. पुढच्या बैठकीत उभी राहून सांगितलं की पिशव्या तपासणं बंद करा, यांच्यापैकी एकीचंही नाव पोलिसांनी घेतलेलं नाही. तरी ते फेब्रुवारीपर्यंत चाललं. घराच्या आत कॅमेरा लावणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तो कोणाकडे बघतोय याचा आधी विचार करा. घरात दिवसभर वावरणारी माणसं आपलीच असतात.

पैसे खरे सार्थकी लागले ते दारांवर. डिसेंबरच्या शेवटी सुतार आणि फॅब्रिकेशनवाला असे दोघे चार दिवस होते. पुढच्या दाराचा बाहेरचा कोयंडाच काढून टाकला आणि दाराच्या जाडीत खोबण पाडून मॉर्टिस लॉक बसवलं. त्याचे दांडे चौकटीत ज्या पट्टीत शिरतात, त्या पट्टीला तीन इंची स्क्रू लावले, ते चौकट ओलांडून भिंतीत जातात. लॉकला ३,२००, मजुरी वेगळी. या बदलाचा एक फायदा मला आधी लक्षातच आला नव्हता. बाहेर कुलूप लटकत नाही, त्यामुळे घर बंद आहे की उघडं हे रस्त्यावरून कळत नाही. आपण इतकी वर्षं गावाला जाताना दारावर घर रिकामं असल्याची पाटीच लावून जात होतो.

मागचं, धुण्याच्या जागेचं दार पीव्हीसीचं होतं, लाथ मारली तर वाकेल असं. गच्चीचं फ्लश डोअर पावसाने खालून फुगलेलं. दोन्हीकडे लोखंडी पत्र्याची दारं केली, मिळून १९,००० रुपये. मिस्त्रींनी स्वतःहून एक गोष्ट सुचवली आणि ती मी कोणालाही सांगेन : दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागऱ्या बाहेर राहतात आणि पिन ठोकून काढली की लॉक कितीही चांगलं असो, दार निघतं. त्यांनी पिनांना वेल्डिंगचा टिपका देऊन टाकला. कडी आणि अल्ड्रॉपसुद्धा स्क्रूवर ठेवले नाहीत, आरपार बोल्ट घालून आतून नट आवळले.

दुकानदार आतूनही किल्लीनेच उघडणारं लॉक गळ्यात मारत होता. ते मी घेतलं नाही. रात्री आग लागली आणि किल्ली सापडली नाही तर? आतून नॉब फिरवला की उघडेल असंच घ्या. त्याच कारणाने सासूबाईंच्या खोलीतल्या ग्रिलला एक उघडता येणारी झडप करून घेतली, तिची किल्ली खिडकीपासून हाताच्या अंतरावर पण बाहेरून हात पोचणार नाही अशी टांगली आहे. चोराच्या भीतीने घराचा पिंजरा करून कोणी आत अडकू नये.

या सगळ्याची परीक्षा मार्चमध्ये झाली. नाइट शिफ्टचा आठवडा, रात्री पावणेतीन. गच्चीच्या कॅमेऱ्याची सूचना आली. उघडून बघते तर एक माणूस कठड्यावरून आमच्या गच्चीत उतरत होता. रो-हाउसच्या गच्च्या एकमेकींना लागून, एकावर चढलं की बाराही खुल्या. काही सेकंदांत वर पत्र्यावर लोखंडाचा आवाज आला. माझे हात इतके थरथरत होते की फोन दोनदा चुकला. मुलीला सासूबाईंच्या खोलीत पाठवलं, आतून कडी लावायला सांगितली, घरातले सगळे दिवे लावले आणि ११२ लावला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ११२ चा फोन आपल्या पोलीस ठाण्यात वाजत नाही, तो राज्याच्या केंद्रात जातो आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप येतो. त्यामुळे आधी शहर, मग भाग, मग खूण. मी घाईत 'फाट्याजवळ' म्हणाले, त्यांनी शांतपणे विचारलं, "कोणतं शहर, ताई?" आता पूर्ण पत्ता कागदावर लिहून फ्रिजवर लावला आहे, मुलीलाही वाचता येईल असा.

पाठोपाठ सातव्या घरातल्या काकांना फोन केला. नोव्हेंबरनंतर आमचं ठरलं होतं की रात्री कुणाचाही फोन आला तर बाहेर पडायचं नाही, आपापल्या घरातले दिवे लावायचे आणि आतूनच आरडाओरड करायची. पाच-सहा घरांत दिवे लागले. कॅमेऱ्यात दिसलं, तो आमच्या दाराशी पन्नासेक सेकंद होता. मग पळाला. गाडी पंधरा मिनिटांत आली. सकाळी बघितलं तर पत्र्यावर कटावणीच्या तीन खोल खुणा होत्या, दार जागचं हललं नव्हतं.

मी नंतर खूपदा विचार केला. कॅमेऱ्याने मला उठवलं, हे खरं. पण जुनं फुगलेलं दार असतं तर त्या पन्नास सेकंदांत तो जिन्यात आला असता आणि मी ते सगळं मोबाइलवर बघत बसले असते. आम्हाला जो वेळ मिळाला तो दाराने दिला. म्हणून कोणी पैसे मर्यादित आहेत म्हणून विचारलं तर मी सांगते, आधी मागचं आणि गच्चीचं दार, मग पुढचं लॉक, आणि उरलं तर कॅमेरा. लोक पुढच्या दाराला नक्षीदार सेफ्टी डोअर लावतात आणि मागे पीव्हीसी ठेवतात, ते बघून माझा जीव कळवळतो.

बाकीचं थोडक्यात. वीज गेली की राउटर बंद आणि कॅमेरा आंधळा, म्हणून राउटर आणि कॅमेऱ्यासाठी छोटे यूपीएस घेतले, १,३०० चा एक. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, रात्र-रात्र वीज नव्हती, तेव्हा राउटरचा यूपीएस साडेतीन तास टिकला, पूर्ण रात्र नाही. मागच्या बाजूला हालचालीने लागणारा ४५० रुपयांचा दिवा मात्र किमतीच्या मानाने फार उपयोगी. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये फेब्रुवारीनंतर सूचना कधीकधी मिनिटभर उशिरा येते. तक्रार केली, अजून सुटलेलं नाही. मार्चच्या त्या रात्री ती वेळेवर आली याबद्दल मी देवाचे आभार मानते.

सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेच्या हलगर्जीपणामुळे लॉकरमधून चोरी झाली तर भरपाई वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच मिळते, हे माहीत असू द्या. तरी घरातल्या कपाटापेक्षा मला ते बरं वाटतं. विम्याच्या बाबतीत काका-काकूंना मोठा धक्का बसला. गृहकर्जासोबत घेतलेली पॉलिसी होती, 'भारत गृह रक्षा'. ती मुळात आग, पूर, भूकंप अशा गोष्टींची. चोरी त्यात धरतात ती अशी एखादी आपत्ती आल्यावर सात दिवसांच्या आत झाली तरच. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. तुमची पॉलिसी आजच काढून वाचा. दागिन्यांचे फोटो आणि पावत्याही एकत्र ठेवा. काकूंना आईच्या पाटल्यांचं वर्णन फिर्यादीत नीट देता आलं नाही, वजनही आठवेना, त्या नुसत्या रडत होत्या.

आमचा सगळा खर्च मिळून ३८,००० च्या आसपास गेला. कमी नाही, हप्त्या-हप्त्याने केला. भीती पूर्ण गेली असंही नाही, गच्चीवर खारूताई धावली तरी सासूबाई अजून जपमाळ थांबवून वर बघतात.

गेल्या आठवड्यात पुन्हा नाइट शिफ्ट होती. नवरा सकाळी सव्वासातला आला. आतून कडी होती, त्यामुळे त्याच्या किल्लीचा उपयोग नव्हता. त्याने तीन वेळा बेल वाजवली, मग मुलगी उठून गेली. मला एकदाही ऐकू आलं नव्हतं.